तुळशीचा चहा : तो करावा कसा व त्यावर विसंबावें किती

पावसाळ्याचें सत्र सुरू झालें, कीं वर्गांत शिंकांचा व खोकल्याचा आवाज सुरू होतो, हा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. गेल्या जुलै महिन्यांत एके दिवशीं आठव्या इयत्तेच्या वर्गांत निम्मीं मुलें नाक पुसत बसलेलीं पाहून आम्हीं विचारलें, "घरीं यावर काय घेतां?" एकमुखानें उत्तर आलें, "तुळशीचा काढा!" "तो करतात कसा?" असें पुढें विचारतां मात्र एकमत राहिलें नाहीं. एकाची आजी पानें अर्धा तास उकळून पाणी निमपट करिते, दुसऱ्याची आई नेहमींच्या चहांतच चार पानें टाकते, तिसऱ्याच्या घरीं पानें ठेंचून त्यांचा रस मधांतून देतात, आणि एका मुलीनें प्रांजळपणें सांगितलें, "आई करते, मी नाक दाबून पितें." वर्ग हंसला. पण आमच्या मनांत विचार आला, कीं जी वस्तु इतक्या घरांत होते ती अशीच कां करावी, आणि तिच्यापासून कोणत्या फळाची अपेक्षा धरावी, हे दोन प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. त्या दोन प्रश्नांचीं उत्तरें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावीं, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम झाडाची ओळख करून घेऊं. तुळस ही पुदिना, मरवा व पानओवा यांच्या कुळांतील आहे. या कुळाची सोपी खूण अशी, कीं त्यांतील झाडांचें कोंवळें खोड बोटांत धरून फिरविलें असतां तें गोल न लागतां चौकोनी लागतें, व पानें जोडीजोडीनें समोरासमोर येतात. आपल्याकडे हिरव्या पानांची व जांभळट काळसर पानांची असे तुळशीचे दोन प्रकार आढळतात. पहिलीस राम तुळस व दुसरीस कृष्ण तुळस म्हणण्याची वहिवाट आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें त्या दोन्ही एकाच जातीच्या होत. स्वीडन देशचे शास्त्रज्ञ लिनियस यांनीं इ.स. १७५३ मध्यें या जातीस ऑसिमम टेन्यूइफ्लोरम असें नांव दिलें, पुढें इ.स. १७६७ मध्यें त्यांनींच दिलेलें ऑसिमम सँक्टम हें नांवही पुस्तकांतून आढळतें. त्यांतील 'सँक्टम' याचा अर्थ 'पवित्र' असा आहे. इंग्रजी पाकपुस्तकांत ज्यास बेसिल म्हणतात, तें मात्र बहुधा आपल्या सब्ज्याचें झाड होय. ज्याचें बीं पाण्यांत टाकलें असतां फुगून बुळबुळीत होतें व जें आपण फालुद्यांत घालतों, तेंच हें. त्याच्या पानांचा वास गोडसर असतो, तर तुळशीचा लवंगेसारखा तिखट. पेय दोहोंचेंही होतें. पण येथें आम्ही तुळशीविषयींच लिहीत आहों.

या ठिकाणीं एक गोष्ट सांगणें अवश्य वाटतें. आमच्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एका बांकावर बसतात. ज्या घरीं अंगणांत तुळशीवृंदावन असतें व कार्तिक महिन्यांत तुळशीचें लग्न लावितात, त्या घरीं तें केवळ झाड नसतें. कांहीं कुटुंबांत सूर्यास्तानंतर किंवा ठराविक तिथींस त्याचें पान खुडीत नाहींत. ग्रीस देशांतील ख्रिस्ती मंडळींतही सब्ज्याच्या जुडीनें पवित्र पाणी शिंपडण्याची चाल आहे, तेव्हां अशा आदरभावाचें आम्हां ख्रिस्ती लोकांसही नवल वाटूं नये. म्हणून शेजारच्या वृंदावनांतील पान न विचारतां खुडूं नये. पेयासाठीं आपली स्वतःची वेगळी कुंडी लावावी, हें सर्वांत उत्तम. वाळलेल्या मंजिरींतील बीं ओलसर मातीवर भुरभुरलें, कीं थोड्याच दिवसांत रोपें उगवतात. मंजिऱ्या येऊं लागतांच त्या खुडीत गेलें, तर झाड फांद्या धरतें व पानें पुष्कळ येतात. घरच्या कुंडीचा आणखी एक फायदा असा, कीं तिच्यावर कोणतें किडींचें औषध मारलें आहे किंवा नाहीं, हें आपणांस ठाऊक असतें.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. तुळशीचें पान नुसतें हुंगलें तर वास मंद येतो. तेंच बोटांत चोळलें तर तीव्र येतो. असें कां व्हावें? पानाच्या पृष्ठभागावर तेलाच्या अत्यंत सूक्ष्म पिशव्या असतात. चांगल्या भिंगांतून त्या चकाकणाऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. पान चोळलें कीं त्या फुटतात व आंतलें तेल मोकळें होतें. हें तेल तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलासारखें नव्हे. शेंगदाण्याच्या तेलाचा डाग कागदावर कायम राहतो. पण हें तेल हवेंत उडून जाणारें आहे. त्यांतील एका प्रमुख द्रव्यास युजेनॉल म्हणतात. लवंगेच्या तेलांतही मुख्य भाग त्याचाच असतो, आणि म्हणूनच तुळशीचें पान चावतांना आपणांस लवंगेची आठवण होते.

एखादा चौकस विद्यार्थी येथें शंका घेईल, कीं युजेनॉल उकळावयास सुमारें २५४ अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि पाणी तर १०० अंशांवरच उकळतें. मग पातेल्यांतून तें उडून जाईल कसें? शंका योग्य आहे. परंतु अशीं तेलें उकळत्या पाण्याच्या वाफेबरोबर, स्वतःच्या उत्कलनबिंदूपेक्षां पुष्कळच कमी उष्णतेवर, बाहेर पडतात. कनोज येथील अत्तर करणारे लोक याच गुणाचा उपयोग करितात. ते मोठ्या देगींत फुलें व पाणी घालून तोंड बंद करून खालीं विस्तव लावतात. सुवासिक वाफ नळीनें दुसऱ्या भांड्यांत नेतात, व तेथें ती थंड होऊन सुगंध हातीं लागतो. आपण उघड्या पातेल्यांत तुळस अर्धा तास उकळतों, तेव्हां एका अर्थीं आपणही अत्तरच काढीत असतों. फरक एवढाच, कीं तें धरून ठेवावयास दुसरें भांडें नसतें. घरभर दरवळ सुटतो, व काढा उत्तम झाला असें आपण समजतों. पण जो सुगंध घरांत सुटला, तो पेल्यांत उरला नाहीं, हें उघड आहे.

हें केवळ सांगून भागणार नाहीं, म्हणून आम्हीं वर्गांत एक प्रयोग केला. तो घरींही सहज होण्यासारखा आहे. दोन सारखीं पातेलीं घेतलीं. प्रत्येकांत दोन दोन पेले पाणी व वीस वीस पानें. पहिलें पातेलें उघडेंच ठेवून वीस मिनिटें उकळूं दिलें, व आटलेलें पाणी शेवटीं भरून काढलें. दुसऱ्यांत आधीं पाणी उकळलें, मग आंच बंद करून पानें टाकलीं व लगेच झाकण ठेवून आठ मिनिटें थांबलों. नंतर दोन्ही गाळून, कोणता पेला कोणता हें न सांगतां, मुलांना डोळे मिटून हुंगावयास दिले. पहिल्याचा रंग गडद, चव कडवट, व वास शिजलेल्या पालेभाजीसारखा होता; दुसऱ्याचा रंग फिकट, पण वास ताज्या पानाचा होता. नाक दाबून पिणाऱ्या त्या मुलीनें दुसरा पेला आपण होऊन संपविला. झाकण उचलतांच त्याच्या आंतल्या बाजूस जमलेले थेंब मुलांनीं बोटानें टिपून हुंगले; त्यांतही तुळस होती. म्हणून ते थेंब बाहेर न झाडतां पुन्हा पातेल्यांत पडूं द्यावे.

ही आमची नवी कल्पना आहे असें कोणीं समजूं नये. आयुर्वेदांत औषध तयार करण्याच्या पांच मूळ रीती सांगितल्या आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम व फांट. शार्ङ्गधरसंहितेंत त्यांचें वर्णन आहे. पाला ठेंचून पिळला तर स्वरस. वाटून गोळा केला तर कल्क. थंड पाण्यांत भिजत ठेवला तर हिम. क्वाथ म्हणजे आपला काढा. त्यांत औषधाच्या सोळापट पाणी घालून तें एक अष्टमांश उरेपर्यंत आटवावयाचें. आणि फांट म्हणजे उकळलेलें पाणी औषधावर ओतून, थोडा वेळ ठेवून, गाळून घेतलेलें पेय. मूळ, साल, काष्ठ यांसारख्या कठीण वस्तूंतील सत्त्व आटवल्यावांचून निघत नाहीं; उलट कोंवळीं सुवासिक पानें व फुलें यांस आटवणें सोसत नाहीं. घरोघरीं 'काढा' हा एकच शब्द शिल्लक राहिला, 'फांट' हा शब्द मागें पडला, आणि शब्दाबरोबर रीतही गेली. ज्यास आज तुळशीचा चहा म्हणतात, तो वस्तुतः तुळशीचा फांट होय. खऱ्या चहाचें झाड निराळें आहे. त्यांत कॅफीन नांवाचें उत्तेजक द्रव्य असतें, तें तुळशींत नाहीं. म्हणून रात्रीं घेतल्यासही यानें झोंप मोडत नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृति. एका माणसासाठीं बारा ते पंधरा ताजीं पानें पुरतात. शक्यतों सकाळीं, दंव वाळल्यावर, शेंड्याकडचीं निरोगी पानें खुडावीं. किडकीं किंवा पिवळीं पानें घेऊं नयेत. दोन पाण्यांनीं धुवून घ्यावीं, कारण पानाच्या लवेंत धूळ अडकून राहते. एक मोठा पेला, म्हणजे सुमारें २०० मिलिलिटर, पाणी स्टीलच्या पातेल्यांत खळखळ उकळावें. आंच बंद करावी. पानें हातानें दोन तीन तुकडे करून त्यांत टाकावीं, व लगेच घट्ट झाकण ठेवावें. सात आठ मिनिटांनीं गाळून घ्यावें. चुरा करून फार वेळ ठेवल्यास कडवटपणा उतरतो. लिंबू पिळावयाचें असल्यास कलई नसलेलें पितळी भांडें वापरूं नये. आंबट पदार्थाच्या योगानें धातु पेयांत उतरतो.

दुसरें कांहीं घालावयाचें असेल, तर वरील नियम ध्यानीं ठेवला म्हणजे चूक होणार नाहीं : कठीण तें आधीं, कोंवळें तें शेवटीं. आलें, दालचिनी, मिरें हीं पाण्याबरोबरच टाकून पांच मिनिटें उकळावीं. गवती चहाचीं पातीं कातरून शेवटच्या मिनिटांत टाकावीं. तुळस सर्वांच्या मागून, आंच बंद केल्यावर. गूळ गरम पाण्यांत विरघळतो. मध मात्र पेय कोमट झाल्यावर घालावा, म्हणजे त्याची स्वतःची चव राहते. दूध घालण्याचें कारण नाहीं. पावसाळ्यांत झाड माजलें असतां पानें सावलींत वाळवून बरणींत भरून ठेवावीं. वाळलेलीं पानें ताज्यांच्या एक तृतीयांश घेतलीं तरी पुरतात. उन्हांत वाळविल्यास काय होईल, हें वरील विवेचन वाचलेल्या विद्यार्थ्यास आम्हीं सांगावयास नको.

येथवर पहिल्या प्रश्नाचें उत्तर झालें. दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे : या पेयापासून अपेक्षा काय धरावी?

साध्या सर्दींत कोणतेंही ऊन पेय सुखावह वाटतें. घसा ओला राहतो, वाफेनें चोंदलेलें नाक मोकळें झाल्यासारखें वाटतें, आणि तापांत शरीरास जें पाणी हवें असतें तें पोटांत जातें. तुळशीच्या सुवासानें आजारी मूल तें आनंदानें पितें, हाही लहान लाभ नव्हे. तुळशीच्या विशेष गुणांविषयीं अलीकडे संशोधनही झालें आहे. इ.स. २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यांत माणसांवर केलेल्या २४ अभ्यासांचा विचार केलेला असून त्यांतील निष्कर्ष आशादायक आहेत. परंतु त्यांतील पुष्कळ अभ्यास थोड्या माणसांवर व थोड्या काळापुरते झालेले आहेत, आणि तेथें चूर्ण किंवा अर्क मोजून दिलेला होता. त्यावरून आपल्या पेल्यांतील बारा पानांनीं अमुक रोग बरा होईल, असें अनुमान काढतां येत नाहीं.

इ.स. २०२० मध्यें करोनाची साथ आली, तेव्हां आयुष मंत्रालयानें तुळस, दालचिनी, मिरें, सुंठ व मनुका यांचा काढा दिवसांतून एक दोन वेळां घ्यावा, अशी सूचना केली होती. ती शरीराची प्रतिकारशक्ति राखण्यासाठीं म्हणून होती. त्या रोगावरील उपाय म्हणून नव्हती. पण भीतीच्या भरांत पुष्कळ घरांत दिवसाला पांच सहा वेळां दाट काढा पिण्यास सुरुवात झाली. आमच्याही घरीं तसेंच झालें, आणि रोगाआधीं पोटांतील जळजळच पदरीं पडली. औषधी वस्तूलाही प्रमाण असतें, हा धडा आम्ही त्या वेळीं शिकलों.

परंतु याहून मोठा धडा आम्हांस त्यापूर्वींच, इ.स. २०१६ च्या पावसाळ्यांत मिळाला होता, आणि तो सांगितल्याखेरीज हा लेख पुरा करणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. त्या वर्षीं विद्यार्थी वसतिगृहाची देखरेख आमच्याकडे होती. सातवीतील एका मुलास ताप आला. त्या आठवड्यांत सर्दी सर्वांनाच होती. आम्हीं त्यास निजवून ठेवलें, व सकाळ संध्याकाळ आपल्या हातानें तुळशीचा चहा करून पाजला. घाम येऊन ताप उतरला, तेव्हां गुण आला असें समजून आम्हीं समाधान मानलें. दुसऱ्या दिवशीं हुडहुडी भरून ताप पुन्हा चढला व पुन्हा उतरला. तिसऱ्या रात्रीं मूल बडबडूं लागलें, तेव्हां आम्हीं त्यास रुग्णालयांत नेलें. रक्त तपासतां मलेरियाचे जंतु निघाले, व तेही घातक जातीचे. डॉक्टर आम्हांस शांतपणें म्हणाले, "सर, चहा दिलात हें चुकलें नाहीं; तीन दिवस थांबलांत हें चुकलें." मुलगा बरा झाला, देवाची कृपा. पण ती रात्र, आणि पहाटेच्या गाडीनें आलेल्या त्याच्या आईची मुद्रा आम्ही विसरलों नाहीं. ती एक शब्दही रागानें बोलली नाहीं. तेंच आम्हांस अधिक लागलें.

त्या मुलास ज्या गोळ्यांनीं गुण आला, त्यांची हकीकत विद्यार्थ्यांनीं ऐकण्यासारखी आहे. त्यांतील एक द्रव्य आर्टेमिसिनिन या पदार्थापासून केलेलें असतें, आणि आर्टेमिसिनिन हें एका पानांतूनच निघतें. चीन देशांत छिंगहाव नांवाच्या सुवासिक वनस्पतीचा तापावर पूर्वापार उपयोग होत असे. श्रीमती तू यूयू या संशोधिकेनें इ.स. १९७० नंतर तिचा अभ्यास केला, तेव्हां उष्णतेनें काढलेल्या अर्काचा गुण भरंवशाचा येईना. मग को हुंग या सुमारें सोळाशें वर्षांपूर्वींच्या वैद्याच्या ग्रंथांत त्यांना असें आढळलें, कीं तो पाला पाण्यांत भिजवून त्याचा रस पिळून घ्यावा. उकळण्याचें नांव तेथें नव्हतें. त्यावरून त्यांनीं कमी उष्णतेवर अर्क काढला व यश आलें. या शोधाबद्दल इ.स. २०१५ चें वैद्यकशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. आजीबाईच्या ज्ञानाचा तिरस्कार करणाऱ्यांनीं यावरून बोध घ्यावा. आणि त्या ज्ञानावर डोळे मिटून विसंबणाऱ्यांनींही घ्यावा. कारण पाल्याचें खरें औषध झालें, तें अनेकांनीं तपासून, मोजून व पारखून घेतल्यावर. त्या पाल्याचा नुसता चहा मलेरियावर घेऊं नये, असेंच आज जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे.

म्हणून पालकांस आमची हात जोडून विनंति आहे. ताप दोन दिवसांहून अधिक टिकला, किंवा हुडहुडी भरून येऊं लागला, श्वास लागला, अंगावर पुरळ उठलें किंवा कोठून रक्त आलें, मूल पाणी घेईना, किंवा असंबद्ध बोलूं लागलें, तर पातेलें चुलीवरून उतरावें व डॉक्टरांचें घर गांठावें. अगदीं तान्ह्या मुलास ताप आल्यास एक दिवसही थांबूं नये. एक वर्षाखालील मुलास मध मुळींच देऊं नये; त्यांत क्वचित् असे बीजाणु असतात, कीं तान्ह्याच्या पोटांत त्यांपासून विषबाधा होते. गर्भवती स्त्रियांनीं, तसेंच रक्त पातळ राहण्याचें किंवा मधुमेहाचें औषध घेणाऱ्यांनीं, तुळस रोज घेण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरांस विचारावें. बाकीच्यांनीं दिवसांतून एक दोन पेले खुशाल घ्यावे.

विद्यार्थ्यांस सांगणें एवढेंच, कीं येत्या पावसाळ्यांत प्रत्येकानें एक कुंडी लावावी, दोन पातेल्यांचा प्रयोग घरीं करून पाहावा, व आपल्या आजीस तो नम्रपणें दाखवावा. आजीनें आजवर जो काढा केला, तो मायेनें केला. त्या मायेस थोड्या ज्ञानाची जोड देणें हें शिकलेल्या नातवाचें काम आहे. चांगला चहा करावयास झाकण केव्हां ठेवावें हें कळलें पाहिजे, आणि आजाऱ्याची काळजी घेण्यास चहा केव्हां बाजूस ठेवावा हें कळलें पाहिजे. हीं दोन्ही एकदां नीट कळलीं, म्हणजे अंगणांतील एका लहानशा झाडापासून विद्यार्थ्यानें पुष्कळ शिकलें असें आम्ही म्हणूं.